बागेतल्या कंट्रोलरचा पीसीबी: सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं आणि बोर्ड कसा आखायचा

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतजवळ घरची द्राक्षबाग आहे. विचारणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खोचून सर्किट जोडायची पट्टी) ठिबकचा कंट्रोलर केलाय: ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलरचा डेव्हलपमेंट बोर्ड, मातीचा ओलावा सांगणारे दोन सेन्सर, तापमानाला डीएस१८बी२०, आणि निळ्या रिलेचं चार चॅनलचं मॉड्यूल. तीन रिले व्हॉल्व्हसाठी, चौथा विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरसाठी. टेबलावर सगळं चालतं, मळ्यात नेलं की जम्पर वायर सुटतात. म्हणून आता पीसीबी, म्हणजे तांब्याच्या ट्रॅकचा छापील बोर्ड, करायचा आहे. त्यासाठी आखणीचं सॉफ्टवेअर लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोटियस, व्हिडिओतले धडे ईगलचे, आणि मित्र म्हणतो ईझीईडीए घे. यातलं काय घ्यावं, ऑटोराउटर (ट्रॅक आपोआप आखणारा प्रोग्रॅम) वापरावा का, आणि बोर्ड घरी तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराइडमध्ये काढावा की बाहेरून मागवावा?

मी नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या पॅनेलवाल्यांसाठी बोर्ड आखतो, आणि असे मळ्यातले कंट्रोलरही बरेच दुरुस्तीला येतात. सॉफ्टवेअरचं उत्तर आधी देतो, कारण ते लवकर संपतं. तुझ्या बोर्डचा खरा प्रश्न त्या चौथ्या रिलेत आहे.

या तिन्हींऐवजी किकॅड हे सॉफ्टवेअर घे. फुकट आहे म्हणून सांगत नाही. त्यात बोर्डच्या आकाराला, लेयरना (तांब्याच्या थरांना) किंवा पिनांच्या संख्येला तुला अडवेल अशी मर्यादा नाही, आणि तुझी फाइल तुझ्याच लॅपटॉपवर साध्या मजकुराच्या रूपात राहते. ग्रेनोबलच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतल्या जाँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केलं. २०१३ पासून सर्न या संशोधन संस्थेने त्यात आपली माणसं आणि पैसा घातला, आणि त्यानंतर ते खऱ्या अर्थाने रोजच्या कामाचं झालं. आता दरवर्षी साधारण फेब्रुवारीत नवी मोठी आवृत्ती येते. डाउनलोड एक जीबीच्या पुढे जातं, म्हणून कॉलेजच्या वायफायवर करून घे.

ईगल आता शिकू नकोस. १९८८ पासूनचं ते चांगलं सॉफ्टवेअर, हौशी मंडळींच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. पण २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कने घेतलं आणि पुढे ७ जून २०२६ ही त्याची अखेरची तारीख जाहीर केली. तुझे धडे ईगलचे असले तरी वाया जात नाहीत. स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा), फूटप्रिंट (पार्टच्या पायांसाठी बोर्डवरची भोकं आणि पॅड), डीआरसी (आखणीच्या नियमांची तपासणी) या कल्पना सगळीकडे त्याच आहेत, आणि ईगलच्या सहाव्या आवृत्तीपासूनची फाइल किकॅडमध्ये उघडते. प्रोटियस लॅबमध्येच ठेव. मायक्रोकंट्रोलरचा कोड आणि सर्किट एकत्र चालवून बघायला ते उत्तम आहे, पण लायसन्स कॉलेजचं आहे. तुझं कॉलेज संपेल तेव्हा बाग असेल, कंट्रोलर असेल, आणि फाइल उघडायला काही नसेल.

ईझीईडीएबद्दल मित्राचं म्हणणं चूक नाही. ब्राउझरमध्ये चालतं, आणि पार्ट निवडला की चिन्ह, फूटप्रिंट आणि दुकानातला साठा एकाच जागी दिसतो. लहान चिप्स चीनमधूनच बसवून मागवायच्या असतील तर त्याच्याइतकं सोपं दुसरं नाही. तुझ्या बोर्डवर मात्र सगळे भोकात बसणारे जाड पायांचे पार्ट आहेत, सोल्डर तूच करणार, आणि पार्ट नाशिकच्या एम. जी. रोडवरून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येणार. तिथे त्या सोयीचा तुला उपयोग नाही. समजा तरी त्यातच काम सुरू केलंस, तर किकॅडच्या आठव्या आवृत्तीपासून ईझीईडीएच्या फाइलीही आत घेता येतात. म्हणजे कोपऱ्यात अडकशील अशी निवड यात फारशी नाही. दोन संध्याकाळ दोन्ही वापरून बघ आणि ठरवून टाक. सॉफ्टवेअर निवडण्यात महिना घालवणारे बोर्डपर्यंत पोचत नाहीत.

आता चौथा रिले.

तुझ्या स्टार्टरचं झाकण वायरमनकडून उघडून घे आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटारीचा करंट जोडणारा मोठा रिले) कॉइलवर काय छापलंय ते वाच. शेतीपंपाच्या थ्री-फेज स्टार्टरमध्ये कॉइल बहुधा दोन फेजच्या मध्ये असते, म्हणजे ४१५ व्होल्टची. त्या निळ्या रिलेवर २५० व्होल्ट एसी असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ४१५ च्या कॉइलला तो लावला तर पहिल्या दिवशी चालेल, पहिल्या महिन्यातही चालेल, आणि एक दिवस कॉन्टॅक्ट चिकटून मोटार बंदच होणार नाही. विहीर कोरडी पडली तरी चालत राहील. त्या रिलेची पिनांची मांडणीही बघ: कॉमनची पिन कॉइलच्या दोन पिनांच्या मधोमध येते. म्हणजे बोर्डवर एका बाजूला ईएसपी३२ शी जोडलेलं तांबं, दुसऱ्या बाजूला फेज, आणि मधे जेमतेम चार मिलिमीटर. कारखान्यात तिथे खाच पाडतात, अंतरं प्रमाणाशी ताडून बघतात, चाचणी घेतात. पहिल्याच बोर्डवर हे तू करावंस असं मला अजिबात वाटत नाही.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: बोर्डवर २३० किंवा ४१५ व्होल्टची एकही वायर येऊ देऊ नकोस. अंबडला कुठल्याही पॅनेलवाल्याकडे जा, कंट्रोल वायरिंग २४ व्होल्ट डीसीवर चाललेलं दिसेल. तसंच कर. २४ व्होल्टचा तयार एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बाहेर, डिन रेलवर, म्हणजे पॅनेलमधल्या पत्र्याच्या पट्टीवर. स्टार्टरच्या बाजूला २४ व्होल्ट डीसी कॉइलचे दोन छोटे ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर, ज्यांचे कॉन्टॅक्ट ४१५ व्होल्टला चालतात. एकाचा एनओ (एरवी उघडा असणारा कॉन्टॅक्ट) स्टार्टच्या बटणाला समांतर, दुसऱ्याचा एनसी (एरवी बंद म्हणजे जोडलेला असणारा) स्टॉपच्या बटणाशी सिरीजमध्ये. दोन का, तर स्टार्टचं बटण क्षणभर दाबायचं असतं, पुढे स्टार्टर स्वतःच धरून राहतो. एका रिलेने मोटार सुरू होईल पण थांबणार नाही. शिवाय अशा जोडणीत लाइट जाऊन परत आली तर मोटार आपोआप उठत नाही. थ्री-फेज रात्री-अपरात्री येते तिथे हे फार महत्त्वाचं आहे. आज स्टार्टरवर 'ऑटो' (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा) बसवलेला असेल तर तो काढायचा की ठेवायचा हे आधी वडिलांशी बोलून ठरव, कारण दोघांनी एकाच मोटारीला हुकूम द्यायचा नसतो. आणि ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटार थांबवणारा) या संरक्षणांना वळसा घालून वायर कधीच नेऊ नकोस. ही जोडणी लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घे. तुझं काम बोर्डच्या टर्मिनलला संपतं.

हे एकदा ठरलं की बोर्ड एकदम सोपा होतो. व्हॉल्व्ह बहुधा २४ व्होल्ट एसीचे असतील. त्यांना वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि बोर्डवर तीन रिले, २४ व्होल्ट डीसी कॉइलचे. हे तीन रिले आणि ते दोन ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर मिळून पाच कॉइल झाल्या. त्या सगळ्या एका यूएलएन२००३ या ड्रायव्हर चिपवर बसतात: सात चॅनल, ५० व्होल्टपर्यंत चालणारे, आणि उलट्या धक्क्यासाठीचे डायोड आतच. फक्त त्याची ९ नंबरची पिन २४ व्होल्टला जोडायची विसरू नकोस. ती मोकळी राहिली तर आतले डायोड असून नसल्यासारखे, आणि कॉइल बंद होतानाचा धक्का थेट चिपवर. ऑक्झिलरी कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा करंट त्याच्या कॅटलॉगमध्ये बघून घे. १५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निर्धास्त.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये इथे एक बदल लागेल. ती निळी मॉड्यूल बहुधा पिन लो केली की ओढतात. यूएलएन२००३ पिन हाय केली की ओढतो. आहे तोच कोड चढवलास तर पॉवर देताच सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडतील.

पिना कुठल्या घ्यायच्या हे स्कीमॅटिक काढण्याआधीच ठरव. ब्रेडबोर्डवर जी मोकळी दिसेल ती पिन घेतलेली असते आणि मग बोर्डवर तेच उतरतं. डीएस१८बी२० ला ४.७ किलोओहमचा पुल-अप (पिन हाय धरून ठेवणारा रेझिस्टर) लागतो. तो जर जीपीआयओ १२ (ईएसपी३२ ची १२ नंबरची पिन) वर आला तर नेहमीच्या वरूम मॉड्यूलचा ईएसपी३२ चालूच होत नाही, कारण सुरू होताना ती पिन हाय दिसली की चिप फ्लॅश मेमरीला १.८ व्होल्ट द्यायचे असं समजते, आणि मेमरीला हवे असतात ३.३. प्रोग्रॅम बरोबर, सोल्डर बरोबर, तरी बोर्ड गप्प. अशा बोर्डवर माणसं दिवस घालवतात. तेव्हा तापमानाला जीपीआयओ ४ घे. ओलाव्याचे दोन्ही सेन्सर ३४ आणि ३५ वर. त्या पिना फक्त इनपुटच्या आहेत, आणि चिपमध्ये व्होल्टेज मोजणारे दोन एडीसी असतात; वायफाय चालू असताना दुसरा वापरता येत नाही, या दोन्ही पिना पहिल्यावर येतात. पाच आउटपुटना २५, २६, २७, ३२ आणि ३३. सुरू होताना ५, १४, १५ या पिना क्षणभर हाय होतात, म्हणून त्यांच्यावर मोटारीचा स्टार्ट कधीच नको.

स्कीमॅटिक काढून झालं की किकॅडची ईआरसी (जोडण्यांच्या चुका शोधणारी तपासणी) चालव. 'पॉवर पिनला कोणी चालवत नाही' अशी तक्रार पहिल्यांदा सगळ्यांनाच दिसते. बाहेरून येणाऱ्या २४ व्होल्टला आणि ग्राउंडला पॉवर फ्लॅगचं चिन्ह लावलं की ती जाते. बाकीच्या तक्रारी मात्र एकेक वाचून काढ, नुसत्या बंद करू नकोस.

आता सर्वात जास्त वेळ कुठे द्यायचा, तर फूटप्रिंटवर. हौशी बोर्ड फुकट जातात ते बहुतेक इथेच. ईएसपी३२ चे ३० पिनांचे आणि ३८ पिनांचे बोर्ड वेगळे असतात हे माहीत असेलच, पण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन बोर्डांत पिनांच्या दोन रांगांमधलं अंतरही वेगळं निघतं. इंटरनेटवरून उतरवलेल्या फूटप्रिंटवर विसंबू नकोस, हातातला बोर्ड व्हर्नियरने मोज. २४ चे पाच व्होल्ट करणाऱ्या बक कन्व्हर्टरच्या तयार मॉड्यूलचंही तेच. हिरव्या स्क्रू टर्मिनलमध्ये ५.०० आणि ५.०८ मिलिमीटर असे दोन पिच (पिनांमधली अंतरं) येतात. दोन पिनांच्या टर्मिनलला फरक कळत नाही. आठ पिनांच्या टर्मिनलला शेवटपर्यंत जाता जाता अर्ध्या मिलिमीटरहून जास्त चूक साठते आणि ते भोकात उतरत नाही. बीसी५४७ सारखे ट्रान्झिस्टर कधी वापरलेस तर पायांचा क्रम बघ: सपाट बाजू आपल्याकडे धरली की बीसी५४७ चा कलेक्टर डावीकडे, २एन३९०४ चा एमिटर डावीकडे. दुकानदार 'हाच चालतो' म्हणून दुसरा देतो आणि तो उलटा बसतो.

यावर खात्रीचा उपाय एकच. पार्ट आधी विकत आण, मग बोर्ड आखायला बस, आणि ऑर्डरच्या आधी बोर्डचा कागदावर शंभर टक्के मापाने प्रिंट काढ. 'फिट टू पेज' बंद आहे ना ते बघ, पट्टीने कडेची लांबी मोजून खात्री कर. तो कागद थर्माकोलवर ठेव आणि प्रत्येक पार्ट त्याच्या भोकांतून दाबून बघ. टर्मिनलची तोंडं कडेकडे आहेत का, यूएसबीची वायर शिरते का, बोटाला टर्मिनलचा स्क्रू फिरवता येतो का, हे सगळं त्या कागदावर दिसतं. स्क्रीनवरच्या थ्रीडी चित्रात दिसत नाही.

मांडणी डब्यापासून सुरू कर. स्टार्टरचा डबा पत्र्याचा असतो. त्यात ईएसपी३२ ठेवला तर वायफाय बाहेर येत नाही, म्हणून बोर्डला बाहेर वेगळा प्लॅस्टिकचा आयपी६५ (धूळ आणि पाणी आत न येणारा) डबा घे. त्याची आतली मापं घेऊन बोर्डची कड आणि एम३ स्क्रूची ३.२ मिलिमीटरची भोकं आधी आख, मग आत पार्ट ठेव. केबल ग्लँड खालच्या बाजूला येणार, म्हणून सगळी टर्मिनलं खालच्या कडेला. २४ व्होल्ट आणि व्हॉल्व्ह एका टोकाला, सेन्सर दुसऱ्या टोकाला, ईएसपी३२ मधे पण अँटेना वरच्या कडेबाहेर डोकावणारी. अँटेनाच्या आजूबाजूला १५ मिलिमीटरपर्यंत तांबं नको, दोन्ही लेयरवर नको, आणि तिच्यासमोर डब्याचा स्क्रूही नको.

ऑटोराउटरचं उत्तर यातूनच मिळतं. किकॅडमध्ये तो आत नाही, फ्रीराउटिंग नावाचा वेगळा प्रोग्रॅम जोडता येतो. पण पार्ट नीट मांडले असतील तर तुझ्या बोर्डवर हाताने आखायला एक संध्याकाळ पुरते, आणि मांडणी चुकली असेल तर ऑटोराउटर ती चूक झाकून टाकतो. त्याला माहीत नसतं की कॉइलचा करंट सेन्सरच्या ग्राउंडमधून परत जाता कामा नये. हाताने आख. खालचा लेयर जवळजवळ अखंड ग्राउंडचा ठेव आणि ट्रॅक शक्यतो वर ने. खाली एखादा ट्रॅक न्यावाच लागला तर आखूड ठेव, म्हणजे ग्राउंडचे दोन तुकडे होणार नाहीत.

रुंदीबद्दल: ३५ मायक्रॉन तांब्याच्या नेहमीच्या बोर्डवर ०.३ मिलिमीटरचा ट्रॅक एक अँपिअर नेतो आणि सुमारे दहा अंश तापतो. पण बोर्ड मे महिन्यात बंद डब्यात राहणार, तेव्हा काठावर जाऊ नकोस. सिग्नलला ०.३, पाच व्होल्टला एक, २४ व्होल्ट आणि व्हॉल्व्हला दोन मिलिमीटर दे. जागा भरपूर आहे, आणि जास्त रुंदीचे पैसे पडत नाहीत. ईएसपी३२ वायफायवर पाठवताना क्षणभर अर्धा अँपिअरपर्यंत ओढतो, म्हणून त्याच्या पाच व्होल्टच्या पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर आणि १०० नॅनोफॅरडचा एक. '२४ वरून थेट डेव्हलपमेंट बोर्डच्या रेग्युलेटरला देऊ का' हा विचार मनात आणू नकोस. तो त्या व्होल्टेजसाठी नाहीच.

सेन्सरच्या वायरी मळ्यात लांब जाणार. ओलाव्याचा अॅनालॉग सेन्सर डब्यापासून दोन-तीन मीटरच्या आत असेल तर ठीक. दोन्ही सेन्सर बागेच्या दोन टोकांना असतील तर अॅनालॉग सोड आणि आरएस-४८५ चा (लांब वायरीवरून डिजिटल आकडे पाठवणारा) सेन्सर घे, नाहीतर आकडे मातीपेक्षा वायरबद्दलच जास्त सांगतील. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक सिग्नलला टर्मिनलपाशीच एक छोटा रेझिस्टर आणि टीव्हीएस डायोड (जास्तीच्या व्होल्टेजचा धक्का गिळणारा) ठेव. वळवाच्या पावसात जवळपास कुठे वीज पडली तरी लांब वायरीत धक्का येतो. ते स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर स्वतःच उघडे पीसीबी असतात आणि त्यांच्या कापलेल्या कडांतून पाणी शिरतं. लावायच्या आधी कडांना इपॉक्सी लाव.

बोर्ड घरी काढायचा का? शिकायला एकदा जरूर काढ, पण मळ्यात तो लावू नकोस. घरच्या बोर्डवर सोल्डर मास्क (तांबं झाकणारा हिरवा थर) नसतो, भोकांच्या आत तांबं नसतं. बागेत गंधकाची आणि बोर्डोची फवारणी होते, निफाड-पिंपळगाव पट्ट्यात हिवाळ्यात पहाटे दव पडतं, आणि उघडं तांबं एका हंगामात काळं-हिरवं होतं. वापरलेलं फेरिक क्लोराइड मोरीत ओतायचं नसतं हा वेगळाच त्रास. बाहेरून मागव. चीनमधले कारखाने १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतला दोन लेयरचा बोर्ड फार स्वस्तात देतात, पण शिपिंग आणि कस्टम धरून हिशेब कर. आपल्याकडे गांधीनगर आणि बंगळुरूचे कारखाने ऑनलाइन ऑर्डर घेतात, आणि घाई असेल तर तेच सोयीचे. दोन्हीकडे तेच पाठवायचं: गर्बर (प्रत्येक थराचं चित्र) आणि ड्रिलच्या (भोकांच्या) फाइली. पाठवण्याआधी त्या किकॅडच्याच गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून बघ. कारखाना तुझं डिझाइन बघत नाही, त्या फाइली बघतो. बोर्डची कड एज कट्स लेयरवर बंद आकारात आहे का, भोकं पॅडच्या मधोमध आहेत का, एवढं तिथे डोळ्यांनी तपास. जाडी १.६ मिलिमीटर, तांबं ३५ मायक्रॉन, बाकी जे आधीच निवडलेलं असतं ते राहू दे.

आणखी एक गोष्ट, जिला बहुतेक जण वेळ देत नाहीत. किकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून सिल्कस्क्रीनवर (बोर्डवर छापलेल्या अक्षरांच्या थरावर) कॉम्प्युटरमधला कुठलाही फाँट वापरता येतो, म्हणजे देवनागरीही. टर्मिनलवर 'व्हॉल्व्ह १', 'मोटार चालू', 'मोटार बंद', '२४ +' असं मराठीत लिही. अक्षर दोन मिलिमीटरपेक्षा लहान नको, नाहीतर मात्रा आणि अनुस्वार छपाईत जातात. तू परीक्षेला नाशिकला असशील तेव्हा डब्यासमोर बॅटरी धरून तुझे वडील किंवा काका उभे असणार. त्यांना फोनवर 'जे ३ ची दुसरी पिन' सांगण्यापेक्षा हे कितीतरी बरं. प्रत्येक आउटपुटला एक एलईडीही दे, म्हणजे दोष बोर्डात आहे की व्हॉल्व्हमध्ये ते त्यांना तिथेच कळेल.

बोर्ड हातात आला की सगळं एकदम लावून पॉवर देऊ नकोस. आधी टर्मिनल आणि बक मॉड्यूल एवढंच सोल्डर कर, २४ व्होल्ट दे, आणि मल्टिमीटर लावून मॉड्यूलचा स्क्रू फिरवत बरोबर पाच व्होल्ट आण. ही मॉड्यूल दुकानातून कितीही व्होल्टवर सेट होऊन येतात. मग ईएसपी३२ सॉकेटमध्ये बसव. थेट सोल्डर करू नकोस, बदलावा लागतोच. तो एकटा चालला की यूएलएन२००३, मग एकेक रिले आणि त्याचा एलईडी. सगळं तपासून झाल्यावर टर्मिनल, सॉकेट आणि अँटेना चिकटपट्टीने झाकून दोन्ही बाजूंना कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणारा पातळ लेप) फवारा मार. बोर्ड डब्यात बसवून दोन-चार दिवस नुसता व्हॉल्व्हवर चालव. ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर स्टार्टरला जोडायचे ते त्यानंतर, वायरमन समोर असताना आणि मेन स्विच खाली पाडून.